न्यूझीलंडहून कुर्रर्र

“अजून हळू बोल! अजून हळू!” अण्णा कॉम्प्युटरवर ओरडत होते. “कानात सांगतेयस का गाव गोळा करतेयस?”

पलीकडं न्यूझीलंडमध्ये माझी नणंद उज्ज्वलाताई तोंडापुढं हाताचा आडोसा धरून काहीतरी पुटपुटली.

“हं, बोल की,” अण्णा म्हणाले.

“बोलले की अण्णा.”

“कधी?”

“आत्ता!”

“‘बोलले’ म्हणालीस ते आलं. त्याच्या आधीचं काही आलं नाही. निळं बाद!” असं म्हणून त्यांनी कानावरचा हेडफोन उतरवला, पेन्सिल जिभेला लावली आणि वहीत निळ्याच्या रकान्यात ‘कुजबुज’ या शब्दापुढं भलंमोठं शून्य काढलं.

मी पाच आठवड्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन शेजारी बसले होते. हसू दाबता दाबता माझे टाके दुखायला लागले होते.

ही गोष्ट २००९ सालची, तासगावची. अण्णा म्हणजे माझे सासरे. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून पस्तीस वर्षं खांबावर चढले-उतरले, मग रिटायर होऊन घरी बसले आणि घरी बसून काय करायचं ते त्यांना कळेना. त्यात बारसं आठ दिवसांवर आलं होतं. आमच्याकडं बाळाचं नाव आत्या ठेवते. पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करते नि नाव सांगते, आणि ती वाकलेली असतानाच जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. का घालतात ते मला विचारू नका, आमच्या गल्लीत आजवर कुणी विचारलेलं नाही. पण आत्यानं एकदा कानात नाव सांगितलं की मग ब्रह्मदेव आला तरी त्यात बदल नाही.

आणि आत्या तर सातासमुद्रापलीकडं. त्यात ती स्वतःच सात महिन्यांची गरोदर. डॉक्टर तिला हलू देईना.

“मग साधा फोन लावा की आयएसडी, नि धरा रिसीव्हर पोरीच्या कानाला,” असं रणजीत, म्हणजे माझा नवरा, एकदा म्हणाला. त्यावर ताई तिकडून उसळली होती. “तोंड न बघता नाव काय ठेवायचं? पार्सल आहे का ते?”

झालं. तोंड दिसलं पाहिजे, कुजबुज ऐकू आली पाहिजे, आणि ती फक्त बाळाला ऐकू आली पाहिजे. अण्णांच्या अंगात एकदम तीस वर्षांपूर्वीचा लाइनमन संचारला.

तेव्हा इंटरनेटवरून फुकट बोलायची सॉफ्टवेअर्स कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवत होती. मी लग्नाआधी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, आणि सासरी येताना माझा कॉम्प्युटर बरोबर घेऊन आले होते. त्याच्यावर मी तीन सॉफ्टवेअर्स उतरवून घेतली. त्यांची नावं सांगत नाही. ती केव्हाच वारली, आणि मेल्यामागं कुणाला नावं ठेवू नयेत. आम्ही तर त्यांना रंगांवरूनच ओळखायचो. निळं, पोपटी आणि जांभळं.

“फुकट ते पौष्टिक, पण तपासून घ्यावं,” असं म्हणून अण्णांनी चाळीस पानी वही आणली आणि रकाने आखले. आवाज. चेहरा. खरखर. उशीर. कुजबुज. रोज दुपारी बारा वाजता, म्हणजे ताईकडं संध्याकाळ झाली की, परीक्षा सुरू. अण्णा हेडफोन लावून पाळण्याशेजारी पालथे झोपायचे, कारण बाळाच्या उंचीवरूनच ऐकलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं. कॉम्प्युटर वर नि अण्णा खाली. एकदा दूधवाला दारातून डोकावला, अण्णांना पालथं बघून घाबरला आणि दूध ठेवून पळाला.

निळ्याचा आवाज खणखणीत. पण कुजबुज म्हणजे खरखर, अशी त्याची समजूत. ताई हळू बोलली रे बोलली की ते तिचा आवाज पुसूनच टाकायचं. पोपटी दिसायला देखणं. ताईच्या नाकातली चमकी दिसायची. पण आवाज मागाहून यायचा. ताई हसून गंभीर व्हायची आणि मग आम्हाला हसू ऐकू यायचं.

“ह्यात आज नाव घेतलं तर उद्या पोचेल,” अण्णा म्हणाले. पोपटी बाद.

राहिलं जांभळं. त्यातून ताईची कुजबुज अशी स्वच्छ आली की अण्णा पालथ्याचे उताणे झाले.

“सुचेता!” ते मला म्हणाले. “ऐकू आलं! ‘अण्णा, तुमची बीपीची गोळी घेतली का’ म्हणाली!”

“मग घेतली का?” ताईनं विचारलं.

“ते महत्त्वाचं नाही!”

एवढ्यात हेडफोनमधून एक बाई इंग्रजीत किंचाळली. अभिनंदन, तुम्ही जिंकलात! अण्णांनी हेडफोन फेकलाच. जांभळं फुकट होतं ना, त्यामुळं मधूनच जाहिरात घुसवायचं. नेमकं कुर्रच्या वेळी ही बया ओरडली तर पोरीचं नाव ‘कॉंग्रॅच्युलेशन’ पडायचं. पण अण्णा हार मानणारे नव्हते. तीन दिवस घड्याळ घेऊन बसले आणि शोध लावला की ती बाई दर बारा मिनिटांनी येते, एक सेकंद इकडं नाही की तिकडं नाही.

“आमच्या खात्यापेक्षा वक्तशीर आहे,” ते कौतुकानं म्हणाले. “ती ओरडून गेली की पाच मिनिटांत आपण कुर्र उरकायचं.”

सगळं घर हसत होतं. मीही हसत होते. पण माझं अर्धं लक्ष दुसरीकडंच होतं, आणि ते कुठं होतं ते आता सांगते.

सुमनआत्या म्हणून आमच्या शेजारी होत्या. रणजीतची चुलत बहीण, पण वयानं सासूबाईंच्या बरोबरीच्या. गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या कानात नावं त्यांनीच सांगितलेली. त्या रोज येऊन अण्णांची परीक्षा बघायच्या नि जाताना म्हणायच्या, “तुमची लाइन न्हाई लागली तर मी हाय की. माझी पाठ काय कुठं गेली न्हाई.”

आणि सुमनआत्या नाव ठेवणार म्हणजे आई सांगतील ते ठेवणार. आई म्हणजे माझ्या सासूबाई, गल्लीच्या शालनवहिनी. बाई कमी बोलणारी, पण बोलली की दगडावरची रेघ. नाव काय सुचलंय असं विचारलं की म्हणायच्या, “बघू. घरातलंच ठेवू एखादं.”

घरातलं! भिंतीवर हार घातलेला एकच फोटो होता, आजेसासूबाईंचा, आणि त्यांचं नाव भागीरथी. बायका त्यांना भागूबाई म्हणायच्या. मला झोपेत ऐकू यायला लागलं होतं, शाळेच्या पटांगणात कुणीतरी माझ्या लेकीला हाक मारतंय, “भागे! ए भागे!”

मला नाव ठेवायचं होतं इरा. इवलंसं, नवं, अख्ख्या तासगावात दुसरं नसलेलं. ती पोटात होती तेव्हापासून मी तिला त्याच नावानं बोलायची. माझी आई मी दहावीत असतानाच गेली, त्यामुळं बाळंतपणही सासरीच झालं होतं. डिंकाचे लाडू आईंनी केले, शेकशेगडी आईंनी केली, रात्ररात्र पोरगी त्यांनी सांभाळली. मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते की नाव मात्र माझंच हवं? त्या घरात माझं म्हणावं असं कॉम्प्युटर सोडला तर हे एक नावच होतं.

म्हणून मी काय केलं, निळ्याचा उपयोग केला. कुजबुजीला ते नापास झालं असलं तरी टाइप केलेला निरोप त्याच्यावरून झकास जायचा. एका सकाळी सगळे जेवायला बसले असताना मी ताईला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, “ताई, नाव इरा. तुम्हाला माझी शपथ. आईंना बोलू नका.”

ताईनं एक हसरा पिवळा चेहरा पाठवला. मी इतकी खूश झाले की दुसरी पोळीही खाल्ली. आता फक्त लाइन लागली पाहिजे होती. अण्णांच्या त्या वहीवर माझ्या लेकीचं नाव अवलंबून होतं, आणि हे अण्णांनाही माहीत नव्हतं.

पण दोन दिवसांनी काय झालं, कॉम्प्युटरला फक्त फडक्यानं पुसण्यापुरत्याच शिवणाऱ्या आमच्या आई माझ्याजवळ आल्या.

“उजीला लावून दे,” त्या म्हणाल्या. “आणि तू जरा बाहेर जा.”

“मी?”

“तूच. दार ओढून घे.”

मी दाराला कान लावला. काही ऐकू आलं तर शपथ. आईंची कुजबुज म्हणजे जांभळ्यालाही जमू नये अशी. पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या तेव्हा देवळातून आल्यासारखा चेहरा होता.

“काय म्हणत होत्या ताई?” मी साळसूदपणे विचारलं.

“काही न्हाई. पाऊसपाण्याचं.”

मी लगेच ताईला लिहिलं, “आई काय म्हणाल्या?” बऱ्याच वेळानं उत्तरादाखल पुन्हा पिवळा चेहरा आला, पण ह्या खेपेला त्याचं तोंड सरळ रेघेसारखं होतं. ना हसू, ना रडू. तिथून पुढं बारशापर्यंत माझा जीव टांगणीला.

बारशाच्या दिवशी अकरा वाजता आमच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, पाय ठेवायला जागा नव्हती. पाळण्याला झेंडूच्या माळा. खाली रांगोळी. चुलीवर घुगऱ्या शिजत होत्या, त्याचा वास घरभर. पाळण्याच्या उशाशी स्टूल, स्टुलावर कॉम्प्युटरचा मॉनिटर, आणि अण्णांनी त्यालाही हळदीकुंकू लावलेलं. “आत्याच्या कपाळाला कुंकू नको?” असं त्यांचं म्हणणं. वायरी सोप्याच्या ह्या टोकापासून त्या टोकाच्या टेबलापर्यंत, आणि त्यावरून कुणी चालू नये म्हणून रणजीतला पहाऱ्याला उभं केलेलं. बारशात बापाला तसंही दुसरं काम नसतं.

ताई पडद्यावर आली तेव्हा बायकांनी गलका केला. तिनं पैठणी नेसली होती, नाकात नथ, आणि मागं तिच्या घरातला फ्रीज.

“अगं बाई, उजी जाड झाली!” सुमनआत्या म्हणाल्या.

“सुमनताई, मला ऐकू येतंय!” ताई ओरडली.

“ऐकू येऊ दे की! चांगल्यालाच म्हणतेय!”

अण्णांनी हात वर केला. “शांतता! जाहिरात यायचीय!”

अख्खा सोपा चिडीचूप झाला. तीसेक बायका श्वास रोखून कॉम्प्युटरकडं बघत होत्या. अण्णा घड्याळ बघत एकेक बोट मिटत होते, पाच, चार, तीन, दोन... आणि ती बया किंचाळली. अभिनंदन! बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं बारशाचाच भाग आहे.

“आता!” अण्णा म्हणाले. “घ्या पोरीला!”

पाळण्याच्या खालून-वरून पोरगी फिरवली. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. तिला पाळण्यात ठेवलं, अण्णांनी स्पीकर काढून हेडफोन जोडला, आणि मी तिच्या इवल्याशा कानाशी हेडफोनची एक वाटी धरली. पडद्यावर ताई पुढं वाकली, इतकी की आम्हाला फक्त तिचा भांग दिसायला लागला.

मी मनातल्या मनात म्हणत होते, इरा म्हणा ताई, इरा म्हणा. माझ्यासमोर आई हात जोडून उभ्या होत्या. त्यांचेही ओठ हलत होते.

हेडफोनमधून बारीकसं “कुर्रर्रर्र” आलं. तेवढं मलाही ऐकू आलं. आणि त्याच क्षणी, वाकलेली आत्या बघून, पन्नास वर्षांच्या सवयीनं सुमनआत्यांनी आरोळी ठोकली, “हाणा गं आत्याला!”

आता त्या काळचे मॉनिटर तुम्हाला आठवतात का? आजच्यासारखे पापडाएवढे नव्हते. चांगली दीड हाताची भरदार पाठ असायची त्यांना. त्या पाठीत एकाच वेळी सात-आठ बायकांचे बुक्के पडले. धप! धप! धप! मॉनिटर स्टुलावर नाचला, वायरींना हिसका बसला, कुठलासा प्लग निसटला आणि ताईच्या भांगासकट सगळं ‘टप्प’ करून काळं झालं.

“अगं बायांनो!” अण्णांनी डोक्याला हात लावला. “लाइन तोडली की गं!”

मग कुणीतरी फिस्स केलं, आणि मग सोप्यात जो हशा उसळला, बायका एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या. सुमनआत्या तर भिंतीला टेकून खालीच बसल्या. “मेले मेले, उजीला लागलं का गं?” असं म्हणत डोळे पुसत होत्या.

हसणं ओसरल्यावर कुणीतरी विचारलं, “पण नाव काय ठेवलं?”

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

“मला कुठं ऐकू आलं?” मी म्हणाले. “हेडफोन हिच्या कानाला होता.”

मग तीस बायकांनी पाळण्यात वाकून बघितलं. ज्या एकट्या जिवाला नाव माहीत होतं ती आमची बाई जांभई देऊन मुठी चोखत होती.

“सांग गं बाय, काय म्हणाली आत्या?” सुमनआत्यांनी तिला विचारूनही बघितलं. मग कंबर कसली. “जाऊ दे, मी घेते नाव. सरका.”

“अजिबात नाही!” अण्णा आडवे आले. “नाव घेऊन झालंय. कानात गेलं ते गेलं. एका कानात दोन नावं कशी सांगणार?”

“पण आम्ही हाक काय मारायची? त्या कॉम्प्युटरला विचारू?”

“त्यालाच विचारू. सुचेता, चालू कर. मी प्लग बघतो.” आणि अण्णा गुडघ्यांवर बसून टेबलाखाली घुसले.

“घुगऱ्या लागतील खाली,” असं पुटपुटत आई स्वयंपाकघरात गेल्या. जाताना त्यांनी एकदा त्या काळ्या पडद्याकडं बघितलं, आणि मला वाटलं त्यांचा जीव त्यात अडकलाय. पण माझा अडकला नव्हता. मी तर हवेत होते! ताईला माझी शपथ होती. तिनं इराच म्हटलेलं असणार. आता फक्त ते सगळ्यांपुढं यायचं राहिलं होतं.

कॉम्प्युटर घरघरत सुरू झाला. जांभळं काही केल्या जोडेना. पण निळं उघडलं, आणि त्यात ताईचा निरोप येऊन पडलेला होता. इंग्रजी अक्षरांतलं लांबलचक मराठी. बायका माझ्या पाठीशी गोळा झाल्या, पण ते तसलं मराठी वाचायचा सराव माझ्याशिवाय कुणाला नव्हता.

“काय म्हणतेय? वाच की मोठ्यानं,” सुमनआत्या म्हणाल्या.

मी मनात वाचलं. “सुचेता, कट झालं ते बरंच झालं. मी नाव घेतलंच नाही, नुसतं कुर्र केलं. तू शपथ घातलीस आणि आईनं तर पदर पसरला गं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं काही मागितलं तिनं. इकडं आड तिकडं विहीर. मी काय करणार? कुणालाच काही माहीत नाही. आता तू म्हणशील ते नाव. मी ठेवलं म्हणून सांग. इरा म्हण नाहीतर...” आणि पुढं आईंनी सांगितलेलं नाव.

मला आधी ते लागलंच नाही. मी भागीरथीच शोधत होते ना! अक्षर अक्षर लावत ओठांतल्या ओठांत वाचलं, “मं...जु...ळा.” आणि मग इतकं नवल वाटलं, की भानावर राहिलंच नाही. घरात ह्या नावाचं कुणी नव्हतं. फोटोतही नव्हतं. तोंडातून मोठ्यानं निघून गेलं, “मंजुळा?”

“ओ!”

स्वयंपाकघरातून आवाज आला. ताजा, लगबगीचा, एखाद्या पोरीचा असावा तसा.

“ओ, आले!” आणि हातात पळी घेतलेल्या आई धावत दारात आल्या. “कुणी हाक मारली?”

मग एकीला हसू फुटलं. “शालनवहिनी, तुम्हाला कोण हाक मारतंय? आम्ही पोरीचं नाव लावतोय!”

हशा झाला. आई हसल्या नाहीत. पळीतून घुगऱ्यांचं पाणी पायावर ठिबकत होतं तेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. आपल्या तोंडून काय निघून गेलं ते त्यांना कळलं होतं, आणि चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

टेबलाखाली अण्णांचं डोकं आपटल्याचा आवाज आला. ते हळूहळू बाहेर आले आणि तिथंच फरशीवर बसले.

“मंजुळा,” ते म्हणाले. “खरंच की गं. तू मंजुळा होतीस.”

“असू दे,” आई म्हणाल्या.

अण्णा मान वर करून माझ्याकडं बघायला लागले, जणू मीच त्यांना जाब विचारला होता. “लग्नात नाव बदलायचं असतं ना. ताटात तांदूळ पसरले, भटजींनी माझ्या हातात अंगठी दिली, आणि मी शालिनी लिहिलं. हिला विचारलं नाही. तेव्हा ते नाव नवीन होतं, फॅशनचं. गावात दुसरं कुणी शालिनी नव्हतं.”

“उज्ज्वलाताईंना माहीत नाही?” मी हळूच विचारलं.

“कुणाला माहीत असणार? हिच्या माहेरी सगळे हिला आक्का म्हणायचे. आईबाप तेवढे नावानं हाक मारायचे, ते लग्नानंतर दोन वर्षांत गेले.” त्यांनी बोटांवर मोजलं. “अडतीस वर्षं झाली त्या नावानं कुणी हाक मारून.”

“अहो, पुरे की,” आई म्हणाल्या. “कशाला उगाच. बारसं चाललंय.” आणि त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, “उजीनं काय ठेवलंय नाव? ते सांग. जे असेल ते गोड मानायचं.”

माझ्यापुढं पडदा, पडद्यावर दोन्ही नावं. मागं तीस बायका. इरा म्हटलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. माझी लेक नऊ महिने पोटात असताना ज्या नावानं मी तिच्याशी बोलले ते नाव जिभेवर होतं, अगदी ओठांपर्यंत आलं होतं, आणि मला रडू येत होतं. त्या नावाचं नाही. आईंच्या त्या ‘ओ’चं.

“सांग की बाई!” सुमनआत्या कावल्या. “का आता पोरगी कॉलेजात गेल्यावर सांगणार?”

“सांगते की,” मी म्हणाले. “ताईंनी मंजुळाच ठेवलंय. मी वाचत नव्हते का?”

“मंजुळा!” बायकांनी एकच कल्ला केला. “अगं, किती गोड! जुनं पण गोड!” कुणी पाळणा म्हणायला सुरुवात केली, कुणी पेढे वाटायला. नाव तुझ्या तोंडून आलं म्हणजे धपाटे तुलाच, असं सुमनआत्यांनी ठरवून टाकलं आणि माझ्या पाठीत असे बुक्के बसले की बाळंतिणीला कुणी मारतं का, असं रणजीतला ओरडून सांगावं लागलं. मी हसत होते, रडत होते, मला कुठलं काय चाललंय ते कळत नव्हतं. आई मात्र दारातून हलल्याच नव्हत्या. त्या माझ्याकडं टक लावून बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं तसलं मराठी, पण माणूस वाचता येत होतं.

“काय लिहिलंय गं त्यात खरं?” त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या.

“काही नाही आई,” मी म्हणाले. “पाऊसपाण्याचं.”

त्या दिवशी जांभळं पुन्हा लागलं ते दुपारी, बायका घुगऱ्या घेऊन गेल्यावर. अण्णा हेडफोन कानाला लावूनच बसले होते. ताईचा चेहरा उगवला. बिचारी भीतभीत बघत होती. इकडं काय रामायण घडलंय, कोण जिंकलं, कोण रुसलं, तिला काहीच माहीत नव्हतं.

“अण्णा,” तिनं चाचरत विचारलं, “झालं का सगळं नीट?”

“झोकात झालं! तू एवढं छान नाव ठेवलंस, मंजुळा, मग नीट व्हायला काय झालं!”

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिचे डोळे भरून आले आणि तिनं पटकन नाक पुसलं.

“बरं,” ती म्हणाली. “काय करतेय मंजुळा? झोपली का?”

अण्णा उत्तर देणार तेवढ्यात आई पुढं झाल्या. त्यांनी अण्णांच्या डोक्यावरचा हेडफोन काढून घेतला, पदर सारखा केला, तो स्वतःच्या कानांवर चढवला आणि कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या.

“धाकटी झोपलीय,” त्या म्हणाल्या. “थोरली बोलतेय. बोल.”